लगेच सोडेन

तू अर्जांचं रडगाणं लावलंस म्हणून माझं सांगते. जर्मनीत आखनमध्ये माझी नोकरी गेली तेव्हा माझं पार्टटाइम मास्टर्स अर्ध्यावर होतं. बेकारभत्त्याच्या आम्टातल्या, म्हणजे सरकारी कचेरीतल्या बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "नोकरी मिळाली तर अभ्यासाचं काय?"

अभ्यासापायी भत्ता बंद होईल या धास्तीने मी त्यांचं वाक्य संपायच्या आत म्हणाले, "लगेच सोडेन."

"गेनाऊ, अगदी बरोबर. अर्जातही तसं लिहीत चला."

मग काय, मी प्रत्येक अर्जात ते वाक्य टाकायला लागले. त्यांना दाखवायला अर्ज कमी पडायचे, म्हणून दिसेल त्या जागेला पाठवत सुटले. एका कंपनीतून चक्क फोन आला.

"तुमचं काम आवडलं," तिथला माणूस म्हणाला. "पण तुम्ही शिक्षण सोडणार म्हणताय. ही जागा फक्त शिकणाऱ्यांसाठी आहे."

"मग नाही सोडत."

"पण लिहून तर दिलंय तुम्ही."

झालं, नकार आला. पुढच्या भेटीला आम्टात जाऊन बसले. नकार का आला, असं बाईंनी विचारलं आणि मी जे घडलं ते सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आल्झो, तर मग अशा ठिकाणी लिहायचं, शिक्षण सोडणार नाही."

"आणि तुम्हाला काय सांगायचं?"

"मला? लगेच सोडेन."