डोंगराखालचं घर

(अंबरनाथ, शिवमंदिराजवळचा फ्लॅट. दुपार. ईझलवर अर्धवट तैलचित्र.)

सुजित : हे घर कोणाचं?

स्वप्नाली : कुठलं?

सुजित : डोंगराखाली काढलंयस ते. कोणाबरोबर गेली होतीस तिथे?

स्वप्नाली : अहो, फ्रान्सचा डोंगर आहे तो. सेझान म्हणून चित्रकार होता, त्याच्या चित्राची नक्कल करतेय. हे बघा पुस्तक.

सुजित : येडा समजते काय मला? मार्केटला जाते सांगून बदलापूरवरून इथे येतेस.

चिंतामणी : सुजितराव, बसा आधी. मी रिटायर झाल्यापासून शिकवतो. बायका येतात, पोरं येतात. आधी असं एखादं चित्र उतरवलं, की रंगाशेजारी रंग कसा ठेवायचा ते कळतं. मग तिला तुमच्या बदलापूरच्या शिरगावातून दिसणारे डोंगर काढायचेत.

सुजित : कशाला? खिडकीतून दिसतात की. ओ अंकल, तुम्ही मध्ये नाय बोलायचं. हमारे घर का मॅटर है.

चिंतामणी : माझ्या घरात चाललाय. तो कटर खिशात ठेवा.

स्वप्नाली : अहो, येते मी घरी. चला. चित्राला हात नका लावू, ओलं आहे.

सुजित : ओलं आहे? हा घे डोंगर. हे घे घर!

स्वप्नाली : फाडलंत!

चिंतामणी : केस सोडा तिचे! सोडा म्हणतो ना!

सुजित : हट, बुड्ढे!

स्वप्नाली : काका! अहो, टेबलावर डोकं आपटलं त्यांचं. रक्त येतंय, बघा तरी!

सुजित : येऊ दे. कुठल्या हाताने काढतेस? हा? ठेव इथे.

स्वप्नाली : आई गं! बोट... मोडलं...

चिंतामणी : पळ, स्वप्नाली!

सुजित : परत धरशील ब्रश? बोल!

स्वप्नाली : धरीन.

सुजित : काय?

स्वप्नाली : धरीन म्हटलं! हे घे!

सुजित : आ! डोळे! ॲसिड टाकलं सालीने!

स्वप्नाली : टर्पेंटाइन आहे. ब्रश धुवायचं.

सुजित : दिसत नाय मला. स्वप्ना, पाणी दे. जळतंय!

चिंतामणी : कटर पायाने सरकव माझ्याकडे. हां. आता त्याला बेसिनपाशी ने.

स्वप्नाली : मी नाही हात लावणार.

चिंतामणी : आंधळा होईल गं. मला उठता येत नाहीये, नाहीतर मीच नेलं असतं.

स्वप्नाली : होऊ दे. पोटुशी होते तेव्हा लाथ घातली याने. मूल गेलं. मी कळवळत पडले होते आणि हा बाहेर मॅच बघत बसला होता. तेव्हा कोणी आणलं पाणी?

सुजित : पाया पडतो तुझ्या.

स्वप्नाली : ...ऊठ. भिंत धर. सरळ चल. आता डावीकडे. मान खाली घाल, डोळे उघडे ठेव. चोळू नकोस.

सुजित : मला अरे-तुरे करतेस?

स्वप्नाली : पाणी मार.

चिंतामणी : पोलिसांना फोन केलास?

स्वप्नाली : लागलाय. हॅलो, शिवमंदिराजवळून बोलतेय. ॲम्ब्युलन्स पण पाठवा, एका काकांचं डोकं फुटलंय... नवऱ्याने ढकललं. माझं बोट मोडलंय... आणि मी त्याच्या डोळ्यांत टर्पेंटाइन टाकलंय. हो, मीच... नाही, पळाला नाही. आहे इथेच. डोळे धुतोय.