मीठ सोडा, म्हणालो मी

सन्माननीय अध्यक्ष आणि पागेचे कारभारी महालिंगअप्पा, व्यासपीठावरील मानकरी, पडद्याआड बसलेल्या माता-भगिनी, समस्त पागेकरी मंडळी, आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते कोचवान मीरासाब, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

थोरल्या महाराजांच्या कारकिर्दीत मीरासाब पागेत लागले, ते आजवर. त्यांच्या हातातल्या लगामाबद्दल माझ्यासारख्या डॉक्टरनं काय बोलावं? मला अप्पांनी रक्तदाबावर चार हिताच्या गोष्टी सांगायला बोलावलंय, कारण मीरासाबांचा हा आजार मीच ओळखला. तयारी करून आलो होतो. पण मांडवाच्या दारात त्यांच्या घरच्या, सुलतानबी, भेटल्या आणि तयारीचं पार वाटोळं झालं. ते आधीच सांगायला हवं, पण धीर होत नाही. म्हणून आधी आजार सांगतो.

मंडळी, हा आजार भलता लबाड. ताप नाही, खोकला नाही. गडी तालमीतल्या पैलवानासारखा दिसतो आणि आत रक्त नळ्यांना ढुशा देत असतं. डोकं ठणकतं, तर आपण म्हणतो ऊन लागलं. पुढं एके दिवशी अर्धं अंग जातं. म्हणून चाळिशीनंतर दंडाला पट्टी बांधून पारा बघून घ्यावा. तंबाखू सोडावी, जागरण टाळावं, रोज चालावं, ऊठसूट संतापू नये. (हसू नका, कोल्हापुरात हे अवघड आहे, मला ठाऊक आहे!) आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मीठ. लोणचं, पापड, खारी मासळी, वरून घेतलेली चिमूट, सगळंच आवरावं.

ह्याच शब्दानं माझा घात केला. गेल्या महिन्यात मीरासाब दवाखान्यात आले. पारा बघून मी हबकलो. बाहेर एका सरदारांची मोटार मला न्यायला उभी होती. मी टोपी घालत घालत दरडावलं, "मीरासाब, जगायचं असेल तर मीठ सोडा. आजपासून."

ते म्हणाले, "साहेब, वडलांपास्नं खाल्लेलं मीठ हाय. एकदम कसं सोडू?"

"चार दिवस जिवावर येईल. मग सवय होते."

"दसऱ्याला तरी?"

मी म्हणालो, "दसऱ्याला तर मुळीच नको!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, काय हा माणूस, मिठासाठी रडतोय! आणि मी हसलो. हो, हसलो मी.

मंडळी, तुमच्या लक्षात आलं असेल. मला एवढं शिकूनही आलं नाही. ज्याच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या सरकारचं मीठ खाल्लं, त्याला 'मीठ सोडा' म्हटल्यावर तो काय समजणार? दसऱ्याच्या स्वारीची गाडी तरी हाकू का, असं विचारत होते ते; मी तेही नको म्हणालो, आणि त्यांनी नोकरी सोडली! मघाशी सुलतानबी म्हणाल्या, "तुमी सांगितलं म्हनून सोडली की! तवापास्नं झोप न्हाय त्येंला. घोड्याच्या गळ्यात पडून रडलं." मी घाबरत विचारलं, "आणि जेवणातलं मीठ?" तर म्हणाल्या, "ते हाय की. घरचं मीठ कशाला सोडायचं, पावणं?"

आत्ताच स्टेजच्या मागं मी त्यांचा पारा पाहिला. पहिल्यापेक्षा वर गेलाय. जे सोडायचं ते पानात राहिलं, आणि ज्यावर हा माणूस जगत होता ते मी हिसकावून घेतलं. 

अप्पा, माझी हात जोडून विनंती आहे. हा राजीनामा माझ्या अर्धवट बोलण्याचा आहे, त्यांचा नव्हे. त्यांनी हलकं काम करायला माझी ना नाही. तो राजीनामा परत करावा... काय म्हणालात? "आगली"? मंडळी, अप्पा कानडीत होऊ दे म्हणतात!

मीरासाब, उठू नका, बसा. माझ्या पाया पडायला येताय? अहो, कुणी कुणाच्या पडायचं?

आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. मीरासाब, तुम्ही मात्र घालू नका. उद्या दवाखान्यात या, मला चांगलं फैलावर घ्या, आणि मी बसून ऐकेन.