एका घरात दोन कौशल्या

—नाई नाई, बरोबर बोलल्या तुमी, साधनाबाई. दिवसभर दुसऱ्याच्या चुका काढते, असी पोरगी सून म्हनून घरात आनाची म्हंजे जिवाले घोरच. वरनात मीठ जास्त झालं तर सासूले सांगन, कोनत्या चिमटीत जास्त झालं. घ्या, चहा घ्या, थंडा होऊन राह्यला. साखर कमी पडली असन तर तेबी सांगून टाका, ह्या घरात चूक दाखवली तर कोनाले राग येत नाई – सवय झाली आमाले. आता तुमी अकोल्यावरून इतक्या दूर वरुडले आल्या, तुमच्या भावानं, महादेवरावानं, धाडलं म्हनून आल्या, आन् सांगाचं तेबी मोकयेपनानं सांगून देल्लं – लगनानंतर पोरीचं नाव बदलाचं, आन् हे कॉम्प्युटरचं काम सोडाचं. दोनी कबूल असन तर आजच होकार, नाई तर तुमचा भाचा जीवन दुसरीकडं पोरगी पाहाले मोकया. साफ बोलन्यात काय कमीपना हाय? बोहारीनसुद्धा पातेलं देता-घेता इतकं साफ बोलत नाई.

पन ते काम काय हाय, हे तुमी इचारलंच नाई. कोनीच इचारत नाई. तुमच्या आधी चांदूर बाजारचे पाहुने आले होते. म्हने पोरगी काय करते? तर ह्या केशवनं, माह्या पोरानं, सांगून देल्लं – कॉम्प्युटरवर चुका पकडते. झालं. चहा अर्धा टाकून गेले. जसं काई आमी घरात वाघीन बांधली. म्हनून आता मी सांगतो. मी शायेची पायरी चढली नाई, पन कान मोठे हायेत माहे. आयका. कहानीसारखं सांगतो, म्हंजे तुमाले बसाले बरं वाटन.

तर संत्र्याच्या बगीच्याइनं वेढलेलं एक वरूड होतं, तिथं केशवराव नावाचा बाप होता, आरती नावाची माय होती, त्याहिले प्रणाली नावाची एकच पोरगी होती, आन् कोपऱ्यातल्या बाजेवर एक म्हातारी होती. तिले कोनी काई इचारत नोतं, म्हनून तिले सारं माईत होतं. पोरगी अमरावतीले शिकली, एका कंपनीत लागली, आन् घरी बसूनच काम करू लागली. काम काय? तर कॉम्प्युटरले लेहलेलं वाचता येत नाई, बाई. त्याले वाचनारा बसवून द्या लागते. आन् असा वाचनारा जे तयार करून देते, त्या अवजाराले म्हनतात पार्सर जनरेटर. – हसा, हसा, मलेबी पयले म्हनता येत नोतं. त्या अवजाराले आपन नियम द्यायचे, का ते वाचनारा बनवून देते. नियम कसे? आता लगनच घ्या, तुमी त्याच कामाले आल्या. लगन म्हंजे हयद, मंग मंगलाष्टकं, मंग पाठवनी. आता हयद म्हंजे काय? तर मांडव, पाट, आन् सवाशिनी. आन् सवाशीन म्हंजे कोन? – ते लेहनारा इसरला. हयद कालवून तयार, नवरी पाटावर, आन् सवाशीन म्हंजे कोन हे कोनी सांगितलंच नाई. शहाना मानूस इचारन का नाई? ते अवजार इचारत नोतं. एक तर 'गडबड झाली' एवढं म्हनून फतकल मारून बसे – कुठं झाली, कोनाची झाली, काई नाई, आपल्या मोठ्या दिरावानी – नाई तर तोंड मिटून तसंच लगन लावून देये. सहा महिन्यानं कोनाच्या ध्यानात यावं, की अवं, नवरी तर बिनहयदीची गेली.

आमची पोरगी तेच सुधरवून राह्यली. आता ते अवजार सांगते – हे नाव ह्या ओळीत वापरलं, पन हे कोन ते कुठंच सांगितलं नाई. नियमात मामा लेहून ठेवला आन् एकाबी कामाले बलावला नाई, तर तेबी सांगते. नाई तर मामा मांडवात रुसून बसन. आन् पयली चूक दिसली का तिथंच थांबाचं नाई, साऱ्या एकदम सांगाच्या, म्हंजे मानसाले शंभर हेलपाटे नाई. ह्याले म्हनतात चुका काढनं! तुमी तांदूय निवडता का नाई? का खडे काढनारी बाई वंगाय असते?

आता म्हनान, नावाचं एवढं काय घेऊन बसली म्हातारी. सांगतो ना. तुमाले घाई हाय का? अमरावतीवरून अकोल्याले जानारी गाडी अजून हाय. – माहं नाव कौशल्या. पन ते माहं नोय. माहेरची मी शकुन. लगनाच्या दिवशी ताटात तांदूय पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्याच्यात 'कौशल्या' लेहलं, साऱ्याइनं टाया वाजवल्या, आन् शकुन तिथंच तांदयात गेली. बरं, जाऊ द्या, रीतच हाय. पन माह्या सासूले हे कौशल्या नाव भलतं आवडे. मोठ्या सुनेचंबी तिनं तेच ठेवलं होतं. मंग ते मोठी रुसून माहेरी गेली, तिवश्याले. वापस येत नाई म्हने. सासू म्हने, नाई येत तर नको येऊ, नाव तर रिकामं पडलं – आन् तेच माह्या अंगाले घातलं. उरलेल्या लुगड्यावानी. पुढच्या दिवाईले मोठी आली वापस! आता घरात कौशल्या दोन. 'कौशल्या, पानी आन' म्हनलं का दोन तांबे येत, नाई तर एकबी नाई. एकीची शिवी दुसरीले, दुसरीची शाबासकी पयलीले – शाबासकी मंजे तशी फार नोती, त्याच्यामुयं तिकडून नुकसान नाई. सासूले कोनी म्हनलं का बाई, एकीचं तरी बदला, तर ते म्हने, 'इतके दिवस चाललंच ना?' 

चाललं. मंग आमी दोघी म्हाताऱ्या झाल्या. मोतीबिंदूचं शिबीर लागलं – कोनाचं ते नाव घेत नाई, ते बिचारे पुन्य करून राह्यले होते. दोघीचं नाव एक, आडनाव एक, घर एक. हाक मारली, 'कौशल्याबाई', मोठी उठली. माह्या डाव्या डोयाचं ठरलं होतं, तर तिचा डावा केला. तिचा डावा चांगला होता! उजवा खराब होता. नंतर मी गेली, तर म्हने तुमचं झालं. म्हनलं, कवा झालं? म्हने, झालं आजी, घरी जा, ऊन लागू देऊ नका. आन् मी आली घरी. तुमीच सांगा, डाक्तर म्हनते झालं, तर आपन कोन म्हननारे नाई झालं? त्याहिच्या वहीत मागून जे नाव आलं त्यानं पयल्या नावाले पुसून टाकलं, आन् पुसताना कोनी 'च' बोललं नाई. प्रणाली सुट्टीत घरी आली तवा तिनं पाह्यलं, मी गयातलीच पोत हातानं चाचपून शोधून राह्यली. अमरावतीले नेलं मले. डाक्तर म्हने, उशीर झाला. म्हनून ह्या बाजूनं तुमी मले दिसत नाई, साधनाबाई. नाक मुरडाचं असन तर इकडून मुरडा, मले काई वाटत नाई.

नाई, डोये पुसू नका, माह्यावर दया कराले नाई बसवलं तुमाले. मी कहानी सांगून राह्यली. तर काही वर्षानं तेच अवजार पोरीच्या हाती आलं, आन् पाहते तर काय – एकाच नावाचे दोन नियम देल्ले, का मागचा पयल्याले गियून टाकते. मुकाट्यानं! पोरगी रात... नाई, रातचं कावून, दिवसाढवया उठून उभी राह्यली आन् म्हने, 'आजी, हे तर तुयं शिबीर हाय.' तिनं लेहून धाडलं, का हे असं चालू द्यायचं नाई. नाव आधीच घेतलं असन तर सांगाचं – आधी ह्या ओळीत घेतलं, आता त्या ओळीत घेऊन राह्यले, कोनतं ठेवाचं ते बोला. त्या अवजाराचे जुने राखनदार हायेत, गोरे, काये, साऱ्या मुलुखातले. ते काय म्हनले असन? तेच! 'इतके दिवस चाललंच ना?' मी म्हनलं, सासूबाई, तुमी तिथंबी पोचल्या? पन पोरगी मागं हटली नाई. त्याहिनं वापस केलं, तिनं पुन्हा धाडलं; त्याहिनं नुक्स काढलं, तिनं दुरुस्त केलं. शेवटी घेतलं त्याहिनं. आता जगात कुठंबी, कोनीबी, एका घरात दोन कौशल्या घातल्या तर ते अवजार पाय रोवते. हे काम सोडाचं म्हनता तुमी. सोडन ना. सोडून तुमच्या घरी पापड लाटन. पापडाबिगर अकोला उपाशी मरून राह्यलं.

आन् तुमाले वाटते हे फक्त आमच्याच डोस्क्यातलं हाय? तुमच्या जीवनले इचारा! दालमिलवाल्याइचे मेसेज वाचून त्याच्या आर्डरी लावाचं ते काम करते ना तो? त्यानं ह्याच अवजाराले 'दाय' म्हंजे तूर असं एकदा लेहून देल्लं, आन् खाली पुन्हा 'दाय' म्हंजे हरभरा. मागच्यानं पयल्याले गियलं. तुरीच्या आर्डरी हवेत, आन् हा शहाना व्यापाऱ्याइसंग भांडून राह्यला, का तुमी मेसेजच धाडत नाई. मंग पोरीनं अवजार सुधरवलं, आन् त्याचं काम एका सकायी बंद पडलं – एका नावाचे दोन हायेत म्हने, निवडा. असा चिडला बाप्पा! तिले लेहलं, का तुमच्या ह्या शहानपनानं माहं चालतं काम बसलं. तिनं त्याले दोन ओळी दाखवल्या. मंग 'सॉरी' आलं. मंग 'थँक्यू' आलं. मंग त्याले रोजच एक चूक सापडू लागली. रोज! इतक्या चुका कोनी करते का, साधनाबाई? मी बाजेवरून आयकत होती, तिले फोनवर इचारे, 'ही चूक कोनत्या ओळीत असन वो?' मले तवाच समजलं, का पोरगा मुद्दाम करून राह्यला, आन् पोरगी मुद्दाम हयूहयू सुधरवून राह्यली. दोन वर्ष झा—

अरे बाप्पा.

नाई, काई नाई. तुमी कायले चहा खाली ठेवला? तुमाले तर बायोडाटा मध्यस्थानं देल्ला ना? देल्ला, देल्ला, त्यानंच देल्ला. पन मध्यस्थाले कोनी देल्ला, हे त्याच्या मध्यस्थीत नाई आलं. जाऊ द्या, आता निंघालं तोंडातून. हो. दोघाइचं ठरलेलं हाय. आन् तरीबी तुमचा जीवन बापापुढं मुका – अवजार बरं, ते निदान 'गडबड झाली' तरी म्हने. तुमच्या अटी त्यानं तिले दोन दिवसाआधीच फोनवर सांगितल्या. पोरगी म्हनते, मी जाईन तर प्रणालीच म्हनून जाईन, काम घेऊन जाईन. नाई तर नाई. म्हनते आन् जेवत नाई. आरती दोन दिवसापासून तिचं ताट झाकून ठेवते आन् सकायी गाईले घालते. गाय धष्टपुष्ट होऊन राह्यली, दुसरं काई निष्पन्न नाई. आन् तुमचं काय ठरलं? मोठा शिवम, त्याच्या बायकोचं केलं शिवानी. आता जीवनची जान्हवी. जमते बाप्पा, वाजंत्रीवानी. पन त्या पोरीचं काम जिथं जिथं हाय, तिथं खाली नाव लेहलं हाय प्रणाली. उद्या कोनी हाक मारली, तर जान्हवीनं उठाचं का नाई? का तिनंबी घरी यायचं, ऊन टायत?

वाजून राह्यला तुमचा फोन. घ्या ना. महादेवराव असन. घ्या, मी नाई आयकत. – 

काय म्हनले ते? नाई, डोया एक गेला माहा, कान दोनी शाबूत हायेत. 'बोल, नलू' म्हनले. नलू कोन? तुमचं तर साधना ना? ... अस्सं. माहेरचं. मंजे लगन होऊन चायीस वर्ष झाले असन तुमाले, सासरी साधना, आधारवर साधना, पत्रिकेवर साधना, आन् भावाच्या तोंडातून अजून नलूच निंघते. मंग त्या महादेवरावाले म्हना, बहिनीचं नाव तर तुमच्यानं बदलवल्या गेलं नाई, आन् सुनेचं कोनत्या तोंडानं बदलून राह्यले? म्हना. चालू हाय ना फोन? आयकलं त्याहिनं? बरंच झालं, माहा एक फोन वाचला.

बोला, बोला. मी तुमच्याकडं पाहत नाई, त्या बाजूनं तोंड करतो.

... 'राहू दे दादा' म्हनल्या ना तुमी? मीच चूक आयकली असन. ... नावाचंबी राहू दे? आन् कामाचं? ... 'पोरगी कामाची हाय' म्हनल्या. म्हनल्या का नाई? ... काय म्हनते तो? ... हूं. ... हूं. कोन, जीवन हाय तिथं? उघडलं वाटते त्यानं तोंड एकदाचं. बापासमोर? काय म्हनते? ... हो म्हनले?

महादेवराव हो म्हनले?

अवं आरती! ... नाई, थांब. तू नको येऊ, तू रडशीन आन् दूध उतू जाईन. – साधनाबाई, तुमी उठा. आता बसू नका, गाडी निंघून जाईन, आन् मले अजून रडाची सवड हवी हाय, ते मी पाहुन्यासमोर करत नाई. पदर घ्या पुढं, ओटी घालतो. घ्या. आन् जाता जाता ते मधली खोली हाय ना, बंद दाराची, तिथं उभ्या राहून पोरीले हाक मारा. मी नाई मारत. तुमी मारा, तुमच्या घरची हाय आता. नाव तर माईत हाय ना तुमाले?

मोठ्यानं.