दहावं माणूस

सिस्टर : नऊच झालेत. दहावं माणूस आल्याशिवाय मी लशीची बाटली फोडणार नाही. एकदा फोडली की दहाही डोस चार तासांत संपवावे लागतात.

बसवराज : आलंय की दहावं. ही काय, आमची अव्वा, माझी आई.

सिस्टर : त्या तर दारातच उभ्या आहेत.

सुंदरम्मा : आन दारातच उभी राहनार. बसू, डोळं तपासायला नेतो म्हनालास, आन हितं लशीच्या शाळंत आनलंस व्हय?

बसवराज : अव्वा, तुला शुगर हाय. शेजारचा चन्नप्पा कोरोनानं चार दिवसांत गेला. एक सुई घे की.

सुंदरम्मा : सुई घेतली की दोन वर्सांत मानूस जातंय. पुन्याच्या डॉक्टरनं सांगितलंय. थांब, ऐकवते.

मोबाइल : नमस्कार. मी पुण्याहून डॉक्टर सहस्रबुद्धे बोलत आहे. ही लस घेणारी व्यक्ती दोन वर्षांच्या आत—

सिस्टर : बंद करा ते! नवाचे आठ होतील.

बसवराज : ते खोटं हाय, अव्वा.

सुंदरम्मा : तुझ्या मामानं केम गावाहून पाठवलं. सिद्धेश्वरी मावशीनं अक्कलकोटहून पाठवलं. भजनाच्या ग्रुपवर तीनदा आलं. एवढी मानसं खोटी, आन तू एकटा खरा?

बसवराज : मीच केलंय ते.

सुंदरम्मा : काय केलंस?

बसवराज : तो डॉक्टर मीच. दुकानाच्या माडीवर, तोंडावर टॉवेल धरून बोललो.

सुंदरम्मा : ऐकलंत का, सिस्टर? म्हनं हाच डॉक्टर! अवो, धाव्वीला मराठीत दोनदा नापास हाय ह्यो. तो डॉक्टर कसा रेडिओगत बोलतोय, 'आहे', 'नाही'. तुला येतंय का तसं?

बसवराज : नमस्कार. मी पुण्याहून डॉक्टर सहस्रबुद्धे बोलत आहे.

(बाकावरचे नऊही जण वळून बघतात.)

सुंदरम्मा : बगा की! हुबेहूब नक्कल करतंय पोरगं.

सिस्टर : बसा हो, कुणी उठू नका! आणि तुम्ही... तुम्ही केलंत हे? गुरुवारी दिवसभर बसून सहा माणसं जमली. परत पाठवली मी त्यांना. कशासाठी केलंत?

बसवराज : लाइन कमी व्हावी म्हणून. आठवडाभर पहाटे तीनला येऊन नंबराला चप्पल ठेवायचो. माझ्या चपलेपुढं दोनशे चपला. वाटलं, गल्लीच्या ग्रुपवर टाकावं. लोक आठ दिवस घाबरून घरी बसतील, तेवढ्यात आपलं घरचं उरकून घ्यावं.

सिस्टर : मग? झाली की लाइन कमी.

बसवराज : लईच कमी झाली.

सिस्टर : आता त्याच आवाजात सांगा, लस चांगली आहे म्हणून.

बसवराज : सांगितलं. परवा दुसरी क्लिप टाकली, डॉक्टर सहस्रबुद्धे माफी मागतात अशी. लोक म्हणाले, डॉक्टरला कंपनीनं विकत घेतला.

सुंदरम्मा : घेतलाच आसंल. चांगला मानूस हुता.

बसवराज : अव्वा, इकडं बघ. हे माझं सर्टिफिकेट. मी घेतलीय. एकवीस दिवस झाले.

सुंदरम्मा : काय घेतलीयस?

बसवराज : लस. बघ की, धडधाकट हाय.

सुंदरम्मा : अय्यो, शिवा! बसू... दोन वर्सं? तुझ्या भनीचं, दानेश्वरीचं लगीन व्हायचंय की रं अजून.

बसवराज : काय होत न्हाय, अव्वा.

सुंदरम्मा : मला का न्हाय आनलंस तवा?

बसवराज : टोकन एकच मिळालं होतं.

सुंदरम्मा : एकच. आन ते तू घेतलंस.

(बसवराज सर्टिफिकेट खिशात घालतो.)

सुंदरम्मा : कळलं मला. आदी सोताच्या अंगावर घेऊन बगितलंस. आईला काय हुऊ नये म्हनून. आन सांगितलं बी न्हाईस.

बसवराज : अव्वा, तसं न्हाय—

सुंदरम्मा : गप. सिस्टर, कुटं बसायचं? ह्यो दोन वर्सांनी जायचा, आन मी माघारी एकटी कडक भाकरी मोडत बसू व्हय? टोचा मला बी.

सिस्टर : इथं बसा, आजी. पदर जरा वर घ्या. झाले दहा, फोडते बाटली... अहो, खरंच आधी स्वतःवर बघायला घेतली होतीत?

बसवराज : सिस्टर, आधी तिला टोचा.