ब्लोअरचे तीन फ्यूज

मूळ आमचं साताऱ्याकडचं, म्हणजे असं ऐकून आहे, मी काही पाहिलेलं नाही. पणजोबा इथे दरबारच्या फौजेत लागले आणि घराणं इंदूरचंच होऊन गेलं. माझ्या वेळेला संस्थान जाऊन मध्यभारत झालं, फौज गेली, घरात एक तलवार उरली आणि मी मिलमध्ये फिटर लागलो. वडिलांना नाही आवडलं. मी म्हटलं, तलवारीला तेल लावत बसू का आता जन्मभर? तोंडाचा फटकळ मी पहिल्यापासून.

तर कापूस पिंजायच्या खात्यात धूळ इतकी की समोरचा माणूस दिसू नये. ती ओढून बाहेर फेकायला हा ब्लोअर आला, माझ्याहून उंच पंखा, लोखंडी खोळीत बसवलेला. मी आणि बाबूलाल, दोघांनी बसवला. बाबूलाल इथून जवळच्या बेटम्याकडचा, मालवी माणूस, माझ्याहून मोठा तरी मलाच भिया, म्हणजे भाऊ, म्हणायचा. पायाचे बोल्ट, लेव्हल, पट्टा, सगळं आमच्या हातचं. पहिल्यांदा फिरला तेव्हा बेरिंगवर पाण्याचा भरलेला पेला ठेवला आम्ही, थेंब सांडला नाही, काय सांगू तुम्हाला, छाती अशी फुगली.

पण रुई आणि तेल मिळून पात्यांवर थर बसायचा, मग पंखा थरथरायचा, बेरिंग तापायचं, म्हणून महिन्यातून एकदा आत शिरून खरवडायलाच लागायचं. दार गुडघ्याएवढं. बाबूलाल अंगानं बारीक, तो आत जायचा, बाहेर मी. आणि आमचा कायदा एकच, मोटरचे तिन्ही फ्यूज काढून माझ्या खिशात. फ्यूज नाही तर वीज नाही, मग कोणी का स्विचचं हँडल ओढेना. दरवेळी तो विचारायचा, फ्यूज थारे पास? मी खिसा वाजवायचो, की गेला आत. वाकून बघायचासुद्धा नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला सकाळीच तो आत शिरला, पूजेआधी पाती लख्ख करतो म्हणाला. आणि भटजी आले लवकर. हेडमिस्त्री नाना हाका मारून राहिले, अरे चला, हत्यारं मांडा. मी दारात तोंड घालून ओरडलो, बाबूलाल, तुझं चालू दे, फ्यूज माझ्याजवळच आहेत, पाच मिनिटांत आलो. आणि गेलो वर्कशॉपमध्ये. पाटावर सगळ्यांचे पाने, हातोडे, कानशी मांडलेल्या. नाना म्हणाले, तुझा ब्लोअर काही पाटावर बसायचा नाही, त्याचं काहीतरी ठेव. मला चढला अभिमान. खिशातून तिन्ही फ्यूज काढले आणि ठेवले पाटावर मधोमध.

तुम्ही म्हणाल, अक्कल कुठे गेली होती? अहो, आमच्या घरी पूजेला मांडलेल्या तलवारीला दसरा उजाडेपर्यंत कोणी बोट लावत नसे. खिशापेक्षा पाट पक्का, असंच वाटलं मला. आरतीला मी डोळे मिटले. उघडले तर पाटावर हळदकुंकवात तीन कोऱ्या जागा. फ्यूज नाहीत.

कुठे गेले, म्हणून ओरडलो तर घंटेत आणि ढोलात ऐकणार कोण. एक जण म्हणाला, वायरमन शर्माजी घेऊन गेले, कपाळाला लावून. शर्माजी ग्वाल्हेरकडचे, नवे. त्यांच्याकडे पूजा झाली की मशीन चालवायचंच, नाहीतर अपशकुन. मी पळालो. अख्खं आंगण, मग रुईच्या गाठी, मग तो लांबलचक बोळ, आणि सारखं डोळ्यांसमोर बाबूलालचं डोकं, पात्यांच्या मधोमध. पोहोचलो तर तिन्ही फ्यूज बसलेले आणि शर्माजींचा हात हँडलवर. मी सरळ झडप घातली. हँडल अर्धं सरकलंच, मोटर गुरगुरली, पट्टा एक हिसका खाऊन थांबला.

आतून आवाज नाही.

मी दाराशी गुडघ्यावर बसलो. आत हात घालायची हिंमत होईना, खोटं कशाला बोलू. मग खरवडणी खाली पडली आणि बाबूलाल सरपटत बाहेर आला, कोपर सोलून निघालेलं. म्हणाला, भिया, पंखो हाल्यो. फ्यूज थारे पासच हे नी? मी म्हटलं, हो रे. एका पात्यावरचा थर निघाला की दुसऱ्या बाजूला वजन पडतं, हलतो तो आपोआप. त्याने मान हलवली. पटलं त्याला. मी सांगितलं ना, म्हणून पटलं. शर्माजींचे मी नंतर पाय धरले, बाबूलालला सांगू नका म्हणून, आणि त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात परत सफाई. फ्यूज थारे पास? मी खिसा वाजवला आणि तो वाकला आत जायला, बघितलंसुद्धा नाही. मला नाही सोसलं. म्हटलं, थांब. खंडेनवमीला खिशात नव्हते. सगळं सांगितलं, त्या दारापाशीच. तो उभा राहिला, हात पुढे केला. मी फ्यूज दिले. ते त्याने आपल्या खिशात घातले, वरून बटण लावलं आणि आत शिरला.

तेव्हापासून मिल बंद पडेपर्यंत फ्यूज त्याच्याच खिशात. एका डब्यात जेवलो, माझ्या मुलीच्या लग्नात चार दिवस राबला, घरच्यासारखा. फ्यूज मात्र पुन्हा माझ्या हातात दिले नाहीत. बरोबरच केलं त्याने.

आता तो बेटम्याला मुलाजवळ असतो, कान गेलेत. मी बसने जाऊन येतो, तो आग्रह करकरून तुपात बुडवलेले बाफले खाऊ घालतो. देव त्याला शंभर वर्षं देवो. पण त्या दिवशी हात पुढे करून उभा राहिला ना, तेव्हा एक सणसणीत शिवी हासडली असती, तर मला बरं वाटलं असतं.