न झिजलेला गिअर

परवाची गोष्ट, बघा. आमच्या अप्पांची साठ वर्षं जुनी मोटार झटके द्यायला लागली, म्हणून हर्सूलच्या रशीदभाई मेकॅनिककडं नेली. त्यांनी प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर इंजिनातून उपसून बाहेर काढला. खालचा गिअर नवाकोरा!

मी खूश. "बघा भाई, मीच कडक पोलादी टाकला. वर्षात एक दात झिजला नाय!"

भाईंनी भोकात टॉर्च मारला. "अब अंदर देखो."

गिअर इंजिनातल्या ज्या दांड्याच्या दातांत फिरतो, त्या कॅमशाफ्टचे दात कागदासारखे पातळ झालते.

"कॅमशाफ्ट बिडाचा, नरम. तुमच्या पोलादानं खाल्ला. जुन्यासारखाच गिअर टाकायचा होता."

"मग आता?"

"पूरा इंजन खोलना पडेगा."

घाबरत अप्पांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गेल्या वर्षी मी तुला फक्त ऑइल बदलाय सांगितलं होतं रं."