वणवा लावणाऱ्याचा फेटा

मंडळी, एक सवाल टाकतो. माणूस डोंगर राखतो, झाड राखतो — ते कशापायी? दंडाच्या धाकानं? बक्षिसाच्या आशेनं? कोण म्हणालं, धाकानं? हां, मागं खांबाला टेकलेले पाव्हणे! बरं, मग ऐका.

घाटाच्या कुशीत वाघजाईवाडी नावाचं गाव. तिथं रखमाजी धायगुडे, साठीचा गडी. शेरडं-मेंढरं राखणारा, झुपकेदार मिशांचा. आणि दरसाल उन्हाळा आला, की हा गडी डोंगराला काडी लावायचा! का? तर बाप लावायचा म्हणून! "जाळल्याबिगर गवत जोमानं येत न्हाई," म्हणायचा. डोंगर काळाठिक्कर! पाखरांची घरटी गेली, झाडाची रोपं गेली, वरचा झरा आटला.

वनखात्याचा दंडाचा फलक लागला. त्याचं काय झालं? कुणीतरी उपटून म्हशीच्या गोठ्याला दार केलं! हसताय? तुमच्या गावात नाही झालं असं? मग डोंगर न जाळणाऱ्या गावाला बक्षीस आलं. एक साल डोंगर हिरवा राहिला. बक्षीस बंद — पुन्हा धूर!

सरपंच होती चांगुणा, गावची सून. वयानं लहान, पण डोकं शांत. तिनं देवळात गाव बोलावलं. रखमाजीला निरोप गेला. बायको म्हणाली, "जावा आता. पोलीसच आलं असतील." बिचारा मान खाली घालून आला.

बघतो तर काय — चांगुणाच्या हातात भगवा फेटा!

"अण्णा, पुढं या. आजपासून डोंगराचे राखणदार तुम्ही. जत्रेत पहिला नारळ तुमच्या हातचा."

गावात कुजबुज! रखमाजीचे डोळे लाल झाले. "सूनबाई, चारचौघांत थट्टा करता व्हय माझी?"

"थट्टा नाही, अण्णा. डोंगराची वाट न् वाट तुमच्याइतकी कुणाला ठाऊक? राखावा तर तुम्हीच. एक साल न जाळता बघा. गवत नाही आलं, तर पुढच्या साली मला बोला."

फेटा बांधला, मंडळी! आणि त्या म्हाताऱ्याची मान — जन्मात पहिल्यांदा — गावासमोर ताठ झाली. त्या दिवसापासून रोज डोंगराला फेरी. कुणी विडी ओढत वर निघाला, की हा आडवा!

पण परीक्षा चुकते का कुणाला? चैत्राची दुपार. पलीकडच्या अंगानं धुराचा लोट उठला! वारा गावाच्या दिशेनं! रखमाजी अंगणात उभा. आता गाव काय म्हणणार? म्हणालंच! "लावली बघा म्हाताऱ्यानं! मोडली न्हाई खोड!"

सांगा, तुम्ही काय केलं असतं? दार लावून घेतलं असतं, खरं की नाही? ह्यानं कोयता उचलला आणि चढणीला लागला! एकटा!

करंजाची हिरवी डहाळी तोडली, आणि झोडपतोय आगीला! धोतराचा सोगा पेटला, तो चोळून विझवला. खालून चांगुणा ओरडली, "बघता काय? अण्णा एकटे आहेत वर!" आणि गाव धावलं! बाया, बाप्ये, ज्यांनी नावं ठेवली ते सगळ्यात पुढं!

"पाणी नगं, आणस्तोवर आग खाली येईल!" रखमाजी गरजला. "डहाळ्या घ्या! म्होरलं गवत कापा, पट्टा मोकळा करा! वारं कुठं वळतंय ते म्या सांगतो!"

दिवस कलताना आग डोंगराच्या धारेवरच, माथ्यावरच विझली. वाघजाईवाडीच्या बाजूची एक काडी जळली नाही! अर्धी मिशी मात्र गेली हो! गाव हसलं, रखमाजी हसला, आणि हसता हसता रडला.

पावसाळ्यात गवत आलं — कमरेएवढं! झरा पुन्हा पाझरला. वनखात्याचे एक साहेब पाहायला आले. म्हणाले, "आजोबा, दंडाला घाबरलात वाटतं?"

रखमाजी ताठ उभा राहिला. "घाबरू? सायेब, डोंगर माझा हाय. सोताच्या घराला कुणी आग लावतं व्हय?"

ऐकलंत, खांबाजवळचे पाव्हणे? धाकानं माणूस चार दिवस वागतो. 'माझं' म्हटलं, की जन्मभर!

मंडळी, आपल्याही गावात असा एक असेल. ओढ्यात घाण टाकणारा, झाडावर कुऱ्हाड चालवणारा. त्याला नावं ठेवायला आपण सगळेच हजर. आता देवाला हात जोडा, आणि खरं सांगा — त्याला हाताला धरून "ये, हे तुझंच आहे" म्हणायला उद्या सकाळी त्याच्या दारात कोण जाणार?

बोला!